रणात पडलेल्या गावाकडच्या जवानाचा वृत्तान्त मुंबईत राहून कसा जुळवावा

मुंबईत स्थायिक झालेल्या कोकणातल्या आणि घाटावरच्या कितीतरी घरांत 'आमच्यातला एक जण जर्मनच्या लढाईत गेला, तो परत आलाच नाही' एवढे एकच वाक्य तीन-चार पिढ्या सांगितले जाते. नाव बहुधा ठाऊक असते. पलटण, साल आणि ठिकाण ठाऊक नसते, आणि 'बसऱ्याला गेला' हा शब्दप्रयोग तर इराकपासून आफ्रिकेपर्यंत कोठेही लागू पडतो. एवढ्याशा आधारावर पाच-सहा पानांचा विश्वासार्ह वृत्तान्त उभा करता येतो. माझ्या आजोबांच्या थोरल्या बंधूंसाठी मी तो केला. त्याला दोन वर्षांचे शनिवार-रविवार लागले, आणि त्यांतला निम्मा वेळ चुकीच्या क्रमाने काम केल्यामुळे वाया गेला. तो क्रम इथे सुधारून मांडत आहे. एक गोष्ट प्रारंभीच ध्यानात ठेवावी. सरकारी कागद माणसाच्या मरणाविषयी अधिक बोलतात, म्हणून शोध मरणापासून सुरू करावा लागतो. परंतु विसाव्या-बाविसाव्या वर्षी गेलेला मुलगा मेला एका दिवशी आणि जगला वीस वर्षे, याचे प्रमाण लिहिताना बिघडू देऊ नये.

घरापासून आरंभ

पहिले काम म्हणजे कोणती लढाई ते ठरवणे. जुन्या माणसांच्या बोलण्यात १९१४ चे आणि १९३९ चे, दोन्ही महायुद्धे 'जर्मनची लढाई' या एकाच नावाने येतात. त्यांना साल विचारू नये, खूण विचारावी. 'मानमोडीच्या तापाच्या आधी गेला की नंतर?' असे विचारले की १९१८ ची रेघ आपोआप आखली जाते. दुसऱ्या युद्धासाठी रेशनिंग, १९४४ च्या एप्रिलमधला गोदीचा स्फोट आणि जुलै १९४७ मध्ये बुडालेली 'रामदास' बोट या कोकणी घरांतल्या पक्क्या खुणा आहेत. वडीलधाऱ्यांना एकत्र बसवून विचारू नये, कारण सर्वांत मोठ्या आवाजाच्या माणसाची हकीकत मग सगळ्यांची होते. प्रत्येकाला वेगळे गाठावे, आणि घरात आलेल्या सुनांना आवर्जून विचारावे. त्यांनी सासूच्या तोंडून ऐकलेले बारकावे सख्ख्या मुलांना ठाऊक नसतात.

श्राद्ध कोणत्या तिथीला घालतात, हेही विचारावे. पितृपक्षातली भाद्रपद वद्य चतुर्दशी, म्हणजे घात चतुर्दशी, ही शस्त्राने किंवा अपघाताने गेलेल्यांची तिथी मानली जाते. त्या दिवशी पान वाढले जात असेल, तर बातमी आली तेव्हा घराने मृत्यू शस्त्राने झाला असे धरले होते, एवढे निश्चित म्हणता येते. सर्वपित्री अमावास्येला वाढत असतील, तर तिथी कळलीच नव्हती असा अर्थ बहुधा निघतो. हा पुरावा मृत्यूच्या कारणाचा नसून घराच्या समजुतीचा आहे. दोन्हींत गल्लत होऊ देऊ नये.

मग ट्रंक उघडावी. पहिल्या युद्धाचे चांदीचे पदक मिळाले, तर निम्मे काम झाले असे समजावे, कारण त्याच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. लष्कराबरोबर गेलेले भिस्ती, खेचरवाले, स्वयंपाकी अशा अनुचरांना हेच पदक कांस्य धातूत दिले जाई. १९१५ अखेरपर्यंत रणभूमीवर उतरलेल्यांना मिळालेला तारा असेल, तर मजकूर त्याच्या पाठीवर सापडतो. दुसऱ्या युद्धातील ब्रिटिश सैनिकांची पदके बिननावाची होती, पण हिंदी सैन्याच्या पदकांवर नावे उठवली गेली, हे आपले भाग्य. पदक चिंचेने, राखेने किंवा पॉलिशने मुळीच घासू नये. आमच्याकडचे पदक दर दसऱ्याला इतक्या श्रद्धेने घासले गेले होते की क्रमांकातला तिसरा आकडा ३ की ८, हे उमगायला महिना लागला. शेवटी खोलीतला दिवा मालवून, मोबाइलची बॅटरी कडेला अगदी आडवी धरून, पदक थोडे थोडे फिरवत बारा छायाचित्रे घेतली. सातव्या छायाचित्रात ३ च्या पाठीमागे सावली पडली नाही, आणि प्रश्न सुटला.

ट्रंकेत पितळी थाळीसारखी, सुमारे बारा सेंटिमीटर व्यासाची, सिंह आणि त्रिशूळधारी स्त्री असलेली कांस्याची चकती सापडली, तर ती पहिल्या युद्धातल्या मृताच्या कुटुंबाला पाठवलेली स्मृतिचकती आहे. तिच्यावर हुद्दा नसतो, फक्त नाव असते. मरणात सगळे समान, असा त्यामागे हेतू होता. अशी चकती डब्यावर झाकण म्हणून वापरात असू शकते, किंवा मोडीत गेलेली असू शकते.

कागदांविषयी एकच सूचना, पण महत्त्वाची. त्या काळची खासगी पत्रे बहुधा मोडी लिपीत असतात आणि 'वाचता येत नाही' म्हणून निरुपयोगी ठरवली जातात. आमच्या घरी लाल फडक्यात बांधलेले एक पत्र सत्तर-ऐंशी वर्षे देव्हाऱ्याखालच्या फळीवर होते. ते युद्धाचे आहे एवढे सर्वांना माहीत होते, वाचले कोणीच नव्हते. पुराभिलेख संचालनालयातर्फे मोडीचे वर्ग घेतले जातात. तेथे शिकून तयार झालेला माणूस थोड्या मानधनावर असे पत्र वाचून देतो. मूळ कागद त्याच्या हाती न देता चांगले छायाचित्र द्यावे.

पलटण आणि तिची बदललेली नावे

पदकावरचा किंवा पेन्शनच्या कागदावरचा पलटणीचा क्रमांक आजच्या नावात बदलून घ्यावा लागतो. पहिल्या युद्धात मराठा पलटणींचे क्रमांक १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ असे होते. १९२२ च्या पुनर्रचनेत त्यांची मिळून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री झाली: १०३ ची पहिली बटालियन, म्हणजे आजची 'जंगी पलटण', १०५ ची दुसरी, म्हणजे 'काळी पाचवी', ११० ची तिसरी, ११६ ची चौथी, ११७ ची पाचवी, आणि ११४ ची प्रशिक्षणासाठीची दहावी. १११ महार ही पलटण १९१७ मध्ये उभी राहिली आणि युद्धानंतर मोडली गेली. आजची महार रेजिमेंट १९४१ ची आहे. त्यामुळे पहिल्या युद्धातल्या महार सैनिकाचा माग आजच्या रेजिमेंटमध्ये लागत नाही.

क्रमांक कळला की नकाशा उघडतो. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये होत्या आणि ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत टायग्रिस नदीच्या वळणावरल्या कूत-अल-अमारा येथे वेढ्यात सापडल्या. शरणागतीनंतर सुमारे तेरा हजार सैनिक व अनुचर तुर्कांच्या कैदेत गेले, आणि त्यांतले फार मोठ्या संख्येने परतले नाहीत. आपला माणूस या तीन पलटणींपैकी एकीत असेल आणि मृत्यूची तारीख एप्रिल १९१६ नंतरची असेल, तर तो लढाईत पडला असे लिहिण्यापूर्वी थांबावे. तो कैदी असू शकतो, किंवा बदलीसाठी बसऱ्याला पाठवलेल्या नव्या तुकडीतला असू शकतो. कैद्यांसाठी आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसने पहिल्या युद्धाची आपली कार्डे इंटरनेटवर खुली केली आहेत; ती चाळावीत.

नाव शोधताना

मुख्य शोध कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर, विनामूल्य, होतो. १९१७ मध्ये स्थापन झालेल्या या आयोगाकडे पहिल्या युद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळातल्या मृतांच्या नोंदी आहेत. म्हणजे युद्ध संपल्यावर तापाने गेलेलाही या यादीत असू शकतो. अडचण नावांची आहे. कारकुनाने कानावर पडेल तसे लिहिले, त्यामुळे शिंदे 'सिंदे' होतो, पवार 'पोवार' होतो, चव्हाण 'चवान' होतो, आणि पुष्कळदा आडनाव गळून मुलाचे व बापाचे नाव तेवढे उरते. मराठा हा शब्दसुद्धा तेव्हा इंग्रजीत 'मह्राटा' असा लिहीत. म्हणून पूर्ण नाव घालून शोधू नये. नावाची जागा रिकामी ठेवून आडनावाच्या जागी एकच शब्द घालावा, हिंदी सैन्य आणि पलटण निवडावी, आणि तरीही मिळाले नाही तर 'अधिक माहिती' या रकान्यात गावाचे किंवा तालुक्याचे नाव घालावे. हिंदी सैनिकांच्या नोंदींत 'अमक्याचा मुलगा, अमकीचा पती, राहणार अमुक' असा मजकूर बहुधा असतो, आणि आपला माणूस ओळखण्याची खरी खूण तीच.

त्या मजकुरातला जिल्हा आजचा नाही, हे मुंबईकराने विशेषतः लक्षात ठेवावे. 'कोलाबा' वाचून माझा एक मित्र दोन महिने कुलाब्याच्या लष्करी वसाहतीत आणि अफगाण चर्चमध्ये आपल्या पणजोबांचे नाव शोधत होता. तो कुलाबा जिल्हा, म्हणजे १९८१ पासूनचा रायगड. सिंधुदुर्ग त्याच साली रत्नागिरीतून वेगळा झाला, सांगली जिल्हा आधी साताऱ्याचा भाग होता, आणि कोल्हापूर, सावंतवाडी, फलटण, औंध ही संस्थाने होती.

नोंदीत स्मारकाचे नाव दिसले की कुटुंबातले लोक दगडावरचे नाव पाहायला निघतात. त्यांना आधी सावध करावे. फ्रान्समधील न्यूव्ह शापेलच्या स्मारकावर ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांची व अनुचरांची नावे आहेत, परंतु बसऱ्याच्या स्मारकावर हिंदी अधिकाऱ्यांची तेवढी नावे कोरली आणि साध्या शिपायांची पलटणवार संख्या. एप्रिल २०२१ मध्ये आयोगाने स्वतःच्या अहवालात हा भेदभाव मान्य केला. दिल्लीच्या इंडिया गेटवर तेरा हजारांहून अधिक नावे आहेत, मात्र पहिल्या युद्धात मेलेले हिंदी सैनिक सत्तर हजारांच्या वर होते. नाव दगडावर नाही, म्हणून माणूस गेलाच नव्हता असे होत नाही. उलट, गावातच एखादी संगमरवरी पाटी असू शकते: 'या गावातून इतकी माणसे महायुद्धाला गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले.' साताऱ्याजवळच्या 'अपशिंगे मिलिटरी' या गावातून पहिल्या युद्धात गेलेल्यांपैकी ४६ जण परतले नाहीत. पाटीवर नावे नसतात, पण संख्या आपल्या यादीशी ताडून पाहता येते.

रत्नागिरीचा, विशेषतः खाडीकाठचा मुलगा असेल, तर तो पलटणीत नव्हे, बोटीवर होता का, हे आधी पाहावे. व्यापारी जहाजांवरचे हजारो हिंदी खलाशी दोन्ही युद्धांत पाणबुड्यांच्या माऱ्याने समुद्रात गेले, आणि ज्यांना समुद्राखेरीज कबर नाही अशांचे स्मारक मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये आहे. इतक्या जवळ असूनही तेथे फारच थोडे मुंबईकर गेलेले असतात. जाण्यापूर्वी विचारून जावे. खलाशाच्या नोकरीच्या दाखल्याला आपल्याकडे 'नळी' म्हणतात, कारण तो पूर्वी पत्र्याच्या नळीत गुंडाळून ठेवीत. घरात अशी गंजकी नळी असेल, तर ती रिकामी आहे असे गृहीत धरू नये.

१९४७ नंतरच्या युद्धांसाठी मार्ग सरळ आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकावर पंचवीस हजारांहून अधिक नावे आहेत आणि ती इंटरनेटवर शोधता येतात. मराठा लाइट इन्फंट्रीचे रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, महार रेजिमेंटचे सागरला, तर नौसैनिकांच्या नोंदी आपल्या मानखुर्दलाच आहेत. अर्जात क्रमांक, हुद्दा, नाव, गाव, तालुका आणि आपले नाते स्वच्छ लिहावे, सोबत नात्याचा पुरावा जोडावा, आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून पत्र घेतल्यास काम लवकर होते.

पलटणीच्या रोजच्या हालचालींच्या नोंदी, म्हणजे वॉर डायऱ्या, लंडनमध्ये क्यू येथील ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्यांत शिपायाचे नाव क्वचितच येते, पण त्या दिवशी पलटण कोठे होती, पाऊस होता की उन्हाळा, किती माणसे इस्पितळात गेली, हे कळते. भारतातले कागद राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येतात. मुंबईचे पुराभिलेखागार काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत आहे. तेथे माणसाचे नाव मागू नये. साल आणि खाते सांगून सूची मागावी.

मुलगा कसा जगला

इथपर्यंत जे जमले ते एका शिपायाविषयीचे. मुलाविषयीचे कागद गावी असतात आणि ते फार रुक्ष दिसतात, पण वाचता आले तर बोलके असतात. तहसील कार्यालयातले गाव नमुना १४, म्हणजे लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात, त्यात जन्माची नोंद मिळू शकते. परदेशातला मृत्यू मात्र त्यात बहुधा नसतो. प्राथमिक शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये तो कोणत्या इयत्तेत शाळा सोडून गेला आणि कारण काय दिले, हे असते. फेरफाराच्या नोंदवहीत वारसनोंद पाहावी. माणूस कधी मेला याची तारीख लष्कराकडे असते, पण घराने तो मेला हे कधी मान्य केले याची तारीख फेरफारात असते. आमच्या बाबतीत या दोन तारखांत चार वर्षांचे अंतर निघाले, आणि पणजीने तेवढा काळ मोठ्या मुलाचे नाव उताऱ्यावरून निघू दिले नव्हते, हे त्यातून कळले. जुने फेरफार 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर बऱ्याच जिल्ह्यांचे मिळतात. कोकणात खोतीच्या गावी कुळाचे नाव कागदावर नसण्याची शक्यता मोठी असते, हेही मनाशी धरून चालावे.

मुंबईतला दुर्लक्षित स्रोत म्हणजे गावाचे ग्रामस्थ मंडळ. लालबाग-परळच्या चाळींत गाववाल्यांच्या ज्या खोल्या होत्या, तेथेच भरतीला निघालेला मुलगा शेवटचा मुक्काम करी आणि बोटीवर चढे. मंडळाच्या जुन्या इतिवृत्तांत, वर्गणीच्या वह्यांत किंवा एखाद्या ऐंशी वर्षांच्या सभासदाच्या आठवणीत त्याचा पत्ता लागू शकतो. आजारी आणि जखमी सैनिक परतले तेही याच शहरात. आजचे वस्तुसंग्रहालय तेव्हा लष्करी इस्पितळ होते.

लिहिताना

प्रत्यक्ष लेखनासाठी एक सर्वज्ञात उदाहरण घेऊ. नाईक यशवंत घाडगे माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे, मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनचे. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या सेक्शनमधले सगळे जण मशीनगनच्या माऱ्याने मेले किंवा जखमी झाले. ते एकटे पुढे धावले, बॉम्ब टाकून गन बंद पाडली, एकाला गोळी घातली, आणि मॅगझिन बदलायला वेळ नसल्याने बंदुकीची नळी धरून उरलेल्या दोघांना मारले; मग शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते कोसळले. वय २२. व्हिक्टोरिया क्रॉसचे मानपत्र एवढेच सांगते, आणि त्याचे काम तेवढेच आहे. माणगावला त्यांचा पुतळा आहे, कॅसिनोच्या स्मारकावर नाव आहे. आपल्या माणसाविषयी लिहिताना मानपत्राची भाषा उसनी घेण्याचा मोह फार होतो. 'शत्रूवर तुटून पडला' हे वाक्य घाडगे यांच्या बाबतीत अक्षरशः खरे आहे. ज्याच्याविषयी तसा कागद नाही, त्याच्या नावावर ते लिहू नये.

मृत्यूच्या कारणासाठी नोंदींतले तीन प्रकार काटेकोर पाळावेत: लढाईत ठार, जखमांनी मृत्यू, आणि नुसता 'मृत्यू', ज्याचा अर्थ बहुधा आजार. मेसोपोटेमियात पटकी, हगवण, स्कर्व्ही (ताज्या भाजीपाल्याअभावी होणारा रोग) आणि उष्माघात यांनी असंख्य माणसे नेली. घरच्यांना हे ऐकणे जड जाते, म्हणून सांगण्यापूर्वी कागद हातात द्यावा आणि आपण गप्प बसावे. पानाच्या मांडणीतही भेद ठेवावा: कागदावरून कळलेले सरळ विधानात, घरात ऐकलेले 'घरात असे सांगतात' या शब्दांनी, आणि आपला तर्क 'असावा' लावून. हे तीन रंग एकमेकांत मिसळले की पुढची पिढी पुन्हा शून्यापासून सुरुवात करते.

आमचे मोडीतले पत्र पलटणीतल्याच एका गाववाल्याने लिहिलेले निघाले. त्यात तोफगोळा नव्हता. नऊ दिवस ताप, इस्पितळाचा तंबू, पाण्याची टंचाई, 'शेवटी आईस हाका मारीत होता' एवढे होते, आणि खाली बाकी पगार व एक कांबळे पाठवीत असल्याचा मजकूर. तारीख जुलै १९१६ ची. मी ते काकूंना वाचून दाखवले. त्यांनी पत्र पुन्हा लाल फडक्यात बांधले, आणि त्या वर्षीही पान घात चतुर्दशीलाच वाढले. वृत्तान्तात मी दोन्ही लिहिले आहे: मृत्यू आजाराने, श्राद्ध घात चतुर्दशीला. एक प्रत गावच्या शाळेत दिली, एक मंडळात. कांबळे पोहोचले होते की नाही, हे अजून विचारत आहे.